दोन वर्षांचे बिऱ्हाड: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

नोकरीनिमित्त दोन-तीन वर्षांसाठी सहकुटुंब परदेशी निघालेल्या, तिथे नुकत्याच पोहोचलेल्या किंवा परतीच्या तयारीला लागलेल्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमी येत असतात. या वेळी त्यांपैकी चार पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण ती चारही जर्मनीतील श्टुटगार्ट या एकाच शहराशी संबंधित आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, आणि पुणे, पिंपरी व चाकण येथील वाहन उद्योगामुळे आपल्याकडील अभियंत्यांचे तिथे सतत जाणे-येणे असते. मी स्वतः त्या शहरात काही वर्षे संसार केला आहे. त्यामुळे उत्तरांमध्ये नियमांबरोबर माझी मतेही येतील. ती मते म्हणूनच वाचावीत.

प्रश्न: माझ्या यजमानांना त्यांची कंपनी दोन वर्षांसाठी श्टुटगार्टला पाठवत आहे. आमची मुलगी सात वर्षांची असून पुण्यात दुसरीत शिकते, मुलगा तीन वर्षांचा आहे, आणि मी एका बँकेत नोकरी करते. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, दोन वर्षे बघता बघता जातील, तेव्हा यजमानांनी एकट्यानेच जावे. सर्वांनी गेलोच, तर मुलीला इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेत घालावे, म्हणजे परतल्यावर अडचण येणार नाही, असेही ते सुचवतात. एवढ्याशा मुक्कामासाठी जर्मन भाषा, तिथली शाळा आणि तिथल्या रीतीभाती शिकण्याचा खटाटोप करावा का? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर: दोन वर्षे थोडी की फार, हे ती कोणाची दोन वर्षे आहेत यावर ठरते. तुमच्या यजमानांच्या कंपनीसाठी तो एका प्रकल्पाचा काळ आहे. तुमच्या मुलीच्या आजवरच्या आयुष्याचा मात्र तो पाव भागाहून अधिक आहे, आणि मुलगा तर याच काळात नीट बोलायला, खेळायला आणि मित्र जोडायला शिकणार आहे. म्हणून प्रत्येक निर्णय कंपनीच्या मुदतीवर न बेतता मुलांच्या आणि तुमच्या स्वतःच्या काळावर बेतावा, असे माझे ठाम मत आहे. त्या हिशेबाने पाहिले, तर सर्वांनी एकत्र जावे, आणि गेल्यावर पाहुण्यासारखे न राहता रहिवाशासारखे राहावे.

यजमानांनी एकट्याने जाण्याचा पर्याय कागदावर सोपा दिसतो. पण हिवाळ्यात भारत आणि जर्मनी यांच्या वेळेत साडेचार तासांचा फरक असतो. तिकडे ते संध्याकाळी सहा वाजता कामावरून सुटतील तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतील आणि मुले झोपलेली असतील. उरतात ते शनिवार-रविवारचे व्हिडिओ कॉल. तीन वर्षांचे मूल त्या पडद्यावर किती वेळ टिकते, हे तुम्हाला सांगायला नको.

शाळेच्या बाबतीत मी वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याच्या उलट सांगेन. श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात आहे, तिथे पहिली ते चौथीची प्राथमिक शाळा साधारणपणे घराच्या पत्त्यावरून ठरते आणि सरकारी शाळेला शुल्क नसते. ज्यांना जर्मन येत नाही अशा मुलांसाठी अनेक शाळांत पूर्वतयारीचे वर्ग असतात. तिथे भाषा मुख्यत्वे शिकवली जाते आणि खेळ, चित्रकला, संगीत अशा तासांना मुले नेहमीच्या वर्गात जाऊन बसतात. आंतरराष्ट्रीय शाळेचे शुल्क डोळे पांढरे करणारे असते. ते कंपनी भरणार असली, तरी सात वर्षांच्या मुलीसाठी मी गल्लीतलीच शाळा निवडेन. त्या शाळेतील मैत्रीण शेजारच्याच इमारतीत राहते, दुपारी खेळायला येते आणि वाढदिवसाला बोलावते. आंतरराष्ट्रीय शाळेतील मैत्रिणी शहराच्या चार टोकांना राहतात, आणि मुलीला आपल्या अंगणात मात्र कोणीच नसते. तुमची मुलगी नववी-दहावीत असती, तर मी वेगळे उत्तर दिले असते, कारण तिथे परीक्षा मंडळ आणि विषयांचा प्रश्न खरोखरच आडवा येतो. दुसरीत तो येत नाही. शिवाय अशा नेमणुकांची मुदत पुष्कळदा वाढते. चौथीनंतर तिथे मुलांच्या पुढील शाळेचा प्रकार ठरतो, आणि मुदत नेमकी त्याच सुमारास वाढली, तर गल्लीतल्या शाळेत शिकलेल्या मुलीला सगळे मार्ग खुले राहतात.

शक्य असेल तर ऑगस्टमध्ये पोहोचावे. तेथील उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे मुलीला नव्या वर्षाचा पहिला दिवस सर्वांबरोबर मिळेल. त्यानंतरचे काही महिने ती शाळेत बहुधा गप्प राहील. ऐकणे आणि साठवणे चालू असते; बोलणे मागून येते, आणि येते तेव्हा वाक्येच्या वाक्ये येतात. या काळात घरी आल्याबरोबर 'आज काय शिकवले, जर्मनमध्ये सांग बरे' अशी परीक्षा घेऊ नये. तिला भूक लागलेली असते आणि डोके शिणलेले असते. वरण-भात वाढावा आणि मराठीत गप्पा माराव्यात.

दोन गोष्टी मात्र पुण्यातून निघण्यापूर्वीच कराव्यात. पहिली, मुलांच्या लसीकरणाची पुस्तिका. १ मार्च २०२० पासून जर्मनीत शाळा आणि बालवाडी या दोन्ही ठिकाणी गोवरप्रतिबंधक लसीचा पुरावा कायद्याने द्यावा लागतो. आपल्याकडील पुस्तिकेत पुष्कळदा फक्त शिक्का असतो, तारीख पुसट असते आणि लसीचे नाव डॉक्टरांच्या अक्षरात हरवलेले असते. बालरोगतज्ज्ञांकडून दोन्ही मात्रांच्या तारखा स्पष्ट लिहिलेले इंग्रजी प्रमाणपत्र घ्यावे. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी आहे: पुण्यातील मॅक्स म्युलर भवनात किंवा अन्यत्र, पण जर्मनच्या पहिल्या पातळीचा अभ्यास इथेच सुरू करावा. यजमानांचा परवाना ब्लू कार्ड प्रकारचा, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा असेल, तर जोडीदाराकडे भाषेचा दाखला मागितला जात नाही. त्यामुळे अनेकजणी एक शब्दही न शिकता जातात आणि मग डॉक्टरपासून शिक्षिकेपर्यंत प्रत्येक संभाषणासाठी नवऱ्याच्या रजेची वाट पाहतात. जोडीदाराच्या निवास परवान्यावर सहसा नोकरीची मुभा लिहिलेली असते. तो कागद नीट वाचून घ्यावा. बँकेकडे विनावेतन दीर्घ रजेचा अर्ज लेखी करून पाहावा, आणि तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

मुलाच्या बालवाडीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. वर्षभराच्या वरील मुलाला जागा मिळणे हा तिथे कायदेशीर हक्क आहे, तरी प्रत्यक्षात जागांची टंचाई आहे. पत्ता मिळाल्याच्या दिवशीच अर्ज करावा आणि तोवर रोज खेळाच्या मैदानावर न्यावे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि तिच्यासाठी तुम्ही तिथे राहता असे घरमालकाचे लेखी पत्र लागते. त्यानंतर कर क्रमांक पोस्टाने येतो, आणि पाठोपाठ दूरचित्रवाणी-आकाशवाणी शुल्काचे पत्रही येते. घरात दूरचित्रवाणी संच नसला, तरी हे शुल्क दर घरामागे भरावेच लागते, म्हणून ते पत्र जाहिरात समजून टाकू नये. भारतीय वाहन परवाना सहा महिने चालतो. त्यानंतर तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. कंपनी यजमानांना भारतातील नोकरीवर ठेवून पाठवत आहे की जर्मन करारावर घेत आहे, हे लेखी विचारावे. पहिल्या प्रकारात भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या प्रमाणपत्रावर जर्मन निवृत्तिवेतनाची वर्गणी ४८ महिन्यांपर्यंत टळते. दुसऱ्या प्रकारात सरकारी आरोग्य विमा घेतल्यास उत्पन्न नसलेली पत्नी आणि मुले जादा हप्त्याशिवाय त्याच विम्यात येतात. कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, आणि पगाराच्या आकड्याकडे पाहताना तो नजरेआड होतो.

घर निवडताना यजमानांच्या कचेरीपासूनच्या अंतरापेक्षा शाळा, किराणा आणि ट्राम ही तीन ठिकाणे तुम्हाला चालत गाठता येतात का, ते पाहावे. जाहिरातीतील 'थंड' भाड्यात गरम करण्याचा आणि इतर देखभालीचा खर्च धरलेला नसतो. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी घेता येते. अनेक घरे स्वयंपाकाच्या ओट्याशिवाय, अगदी नळाच्या तोटीपर्यंत रिकामी मिळतात. दोन वर्षांसाठी ओटा असलेलेच घर पाहावे, मग भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल. भारतातील मिक्सर तिथल्या विजेवर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. ॲल्युमिनियमचा कुकर मात्र इंडक्शन शेगडीवर तापत नाही, तेव्हा स्टीलचा न्यावा.

प्रश्न: आम्ही ऑक्टोबरात श्टुटगार्टला आलो. मी दिवसभर कचेरीत असतो, पत्नी आणि चार वर्षांचा मुलगा घरी असतात. शेजारी फारसे बोलत नाहीत. मध्येच कोणीतरी आमच्या दाराच्या मुठीला एक पाटी अडकवून गेले, आणि पत्नीला तो अपमान वाटला. आता घरमालकाचे पत्र आले आहे की, बाहेरच्या भिंतीवर बुरशी धरली असून ती आमच्या स्वयंपाकामुळे आहे. आठवड्याअखेर आम्ही मराठी मंडळींना भेटतो, तेव्हा ती आनंदात असते. सोमवारपासून पुन्हा दिवस मोजू लागते. मी काय करावे? (एक वाचक, श्टुटगार्ट)

उत्तर: तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि त्यांतील पाटीची गोष्ट सर्वांत सोपी आहे. ती श्वाबियातील, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशातील, केअरवोखेची (झाडलोटीच्या आठवड्याची) पाटी आहे. तो आठवडा ज्या घराचा, त्याने आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा. काही इमारतींत एक मोठी पाळीही असते आणि तिच्यात तळघर, कचऱ्याच्या पेट्यांची जागा, पायवाट आणि हिवाळ्यात बर्फ काढणे येते. आठवडा संपला की आपण ती पाटी पुढच्या दाराला लावायची. बहुतेक वेळा ही अट भाडेकरारातच असते. पत्नीला सांगा की ती पाटी इमारतीतील प्रत्येक दाराला लागते. तुमच्या दाराला लागली याचा अर्थ तुम्हाला त्या घरातले धरले गेले. शनिवारी सकाळी, शेजारी ये-जा करतात त्या वेळी, दोघांनी मिळून जिना पुसावा. वरच्या मजल्यावरील आजीबाईंना 'कसे करतात ते दाखवाल का' असे मोडक्या जर्मनमध्ये विचारावे. त्या शहरात शेजाऱ्यांशी पहिले खरे बोलणे फार वेळा जिन्यातच होते.

बुरशीचा प्रश्न गंभीर आहे, पण तो स्वयंपाकाच्या चांगल्या-वाईटाचा नसून वाफेचा आहे. डाळ शिजताना, भात होताना, आंघोळीनंतर आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांतून निघणारी वाफ आपल्या गावी उघड्या खिडकीतून निघून जाते. तिथल्या घट्ट बंद खिडक्यांमुळे ती आत अडकते, आणि बाहेरच्या थंड भिंतीवर, विशेषतः कपाटामागे आणि कोपऱ्यांत, पाणी होऊन बसते. शेगडीवरील पंखा असला, तरी तो हवा बाहेर टाकतो की गाळून परत खोलीतच सोडतो, ते पाहा. दुसऱ्या प्रकारचा पंखा वास कमी करतो. वाफ आहे तिथेच राहते. उपाय असा: दिवसातून तीन-चार वेळा, आणि स्वयंपाक झाल्याबरोबर, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडून पाच ते दहा मिनिटे हवा खेळू द्यावी. खिडकी दिवसभर वरून किंचित कललेली ठेवू नये, कारण त्याने भिंती गार पडतात आणि हवा मात्र बदलत नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे, कपडे तळघरातील वाळवणीच्या खोलीत घालावेत, भांड्यांवर झाकणे ठेवावीत. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र स्वस्त मिळते. ते भिंतीवर टांगावे आणि काटा चाळीस ते साठ टक्क्यांत राहील असे पाहावे. हे सर्व सुरू केल्याचे घरमालकाला तारीख घालून लेखी कळवावे आणि भिंतीची छायाचित्रे जपून ठेवावीत, कारण भिंतीतच दोष असेल, तर त्याची जबाबदारी तुमच्यावर येता कामा नये. फोडणी बंद करण्याची मुळीच गरज नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुमच्या पत्नीची अडचण शनिवार-रविवारची नाही, ती सोमवार ते शुक्रवारची आहे, आणि मराठी मंडळींच्या भेटीने ती सुटणार नाही. त्या भेटी जरूर चालू ठेवाव्यात. पण ज्या घरांत फक्त आठवड्याअखेरीचीच वाट पाहिली जाते, तिथे उरलेले पाच दिवस अधिकच रिकामे होतात. डिसेंबरात तिथे सकाळी आठ वाजून गेल्यावर उजाडते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो. आपल्याकडच्या माणसाला या अंधाराची सवय नसते, आणि मनावर त्याचा परिणाम होतोच. म्हणून घरकाम आधी आणि बाहेर पडणे मागून, ही आपली नेहमीची रीत उलटी करावी: उजेड असेतोवर बाहेर पडावे, घरकाम संध्याकाळी करावे. माइलेंडर प्लाट्झजवळील शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय, ती २०११ मध्ये उघडलेली पांढरी चौकोनी इमारत, लहान मुलाला घेऊन निवांत बसण्याची जागा आहे; तिथे दोन तास बसले, तरी कोणी उठवत नाही. रोटेब्युलप्लाट्झजवळच्या लोकशिक्षण केंद्रात, म्हणजे फोल्क्सहोखशुलेत, भाषेचे वर्ग चालतात. त्या वर्गात तुर्की, युक्रेनी, ब्राझिली अशा जगभरच्या बायका-पुरुष असतात, आणि सगळेच चुकत असल्यामुळे चुकण्याची लाज तिथे लवकर जाते. मुलासाठी मोहल्ल्यातील क्रीडामंडळात पालक-बालक व्यायामाचा तास शोधावा. त्यासाठी भाषा लागत नाही.

आणि तुम्ही स्वतः काय करावे? प्रथम इमारतीच्या खालच्या पत्रपेटीवर आणि घंटीवर पत्नीचे नाव आहे का, ते पाहा. तिथे इमारतीला क्रमांक असतो, पण आतल्या एकेका घराला सहसा नसतो. पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो आणि नाव नसेल तर पत्र परत जाते. अनेक घरांत केवळ नवऱ्याचे आडनाव असते आणि पत्नीने माहेरचे आडनाव ठेवलेले असते. तिच्या नावाचे पत्रच त्या घरात पोहोचत नसेल, तर ते शहर तिला आपले कसे वाटावे? बँकेचे खाते दोघांच्या नावे करावे, तिचे स्वतःचे कार्ड आणि स्वतःचा फोन क्रमांक असावा. आठवड्यातून एक दिवस चार वाजता घरी येण्याचे कचेरीत ठरवून घ्यावे; तिथे मुलासाठी लवकर निघणाऱ्या बापाकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. त्या संध्याकाळी मुलगा तुमच्याकडे, आणि ती वर्गाला. एवढे करूनही तिची झोप उडालेली असेल, जेवण तुटलेले असेल किंवा रडू आवरत नसेल, तर वसंताची वाट पाहत बसू नका. इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंब-डॉक्टरांची वेळ घ्या आणि स्वतः सोबत जा. दवाखाने बंद असताना तातडी नसलेल्या दुखण्यासाठी ११६११७ आणि जीवावर बेतल्यास ११२ हे क्रमांक दोघांनाही पाठ असावेत.

प्रश्न: आम्ही उभयता साताऱ्यास असतो. वय ६८ आणि ६४. मुलगा, सून आणि नात श्टुटगार्टला दोन वर्षांसाठी गेली आहेत. तिकडे सहा महिने राहून सुनेला हातभार लावावा, असे मनात आहे. सोबत घरचे तूप, पेढे, हापूस आणि कढीपत्त्याचे रोप न्यायचे आहे. (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर: आपला हेतू फार चांगला आहे, पण पाहुण्यांच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. म्हणून तीन महिन्यांचा बेत करावा, आणि तो मे ते जुलै असा असावा. त्या दिवसांत रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि आपल्याला एकटे फिरता येते. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. आधीपासूनच्या रक्तदाब-मधुमेहाचा खर्च त्यात धरलेला असतो का, हे विमा घेतानाच विचारावे. रोजची औषधे पूर्ण मुदतीची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत, व चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे, कारण आपल्याकडील व्यापारी नावे तिथे चालत नाहीत.

तूप आणि पेढे नेऊ नयेत. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. हापूसलाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि कढीपत्त्याचे रोप तर विमानतळावरच काढून घेतील. नारळ मात्र नेता येतो. गोडा मसाला, मेतकूट, आमसुले, सांडगे, पोह्याचे पापड यांना अडचण नाही, आणि परक्या गावी तूपसाखरेपेक्षा यांचीच आठवण अधिक येते. तिथल्या दुकानात बिनमिठाचे लोणी मिळते, ते कढवून घरीच उत्तम तूप होते. नातीसमोर कढवा, तिला तो वास लक्षात राहील. श्वाबियात मसूर आवडीने खातात, त्यामुळे डाळीची चिंता नको. आपण शाकाहारी असाल, तर तिथल्या माउलटाशेन या भरलेल्या पदार्थात परंपरेने मांस असते, एवढे ध्यानात ठेवावे. शाकाहारी प्रकारही मिळतो, तो मागून घ्यावा.

गुडघ्यांचे आधी विचारायला हवे होते. श्टुटगार्ट डोंगरांच्या खोलगट वाटीत वसलेले आहे आणि चढउतारावर चारशेहून अधिक दगडी जिने आहेत. जुन्या इमारतींना लिफ्ट नसते. मुलाचे घर कितव्या मजल्यावर आहे, ते विचारूनच तिकिटे काढावीत.

सुनेला हातभार म्हणजे स्वयंपाकघर ताब्यात घेणे नव्हे, हे मी आपुलकीने लिहिते आहे. तिने तिथे स्वतःची एक घडी बसवली असेल. त्या घडीत आपण कुठे बसतो, ते तिला विचारावे. आपल्याकडून नातीला जे मिळेल ते तिथे दुसरे कोणी देऊ शकणार नाही, ते म्हणजे रोजचे, वाहते मराठी. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. रोज एक पान मोठ्याने वाचावे आणि अर्थ न सांगता आधी तिला ऐकू द्यावे.

प्रश्न: आमची मुदत संपत आली असून पुढील वर्षी पुण्यास परतायचे आहे. मुलगी नऊ वर्षांची, इथे तिसरीत आहे. ती आता जर्मनमध्येच विचार करते आणि परत जायचे नाही म्हणते. तिला पुण्यातील शाळा झेपेल का, आणि इथले काय काय आवरावे लागेल? (एक वाचक भगिनी, श्टुटगार्टजवळील झिंडेलफिंगेन)

उत्तर: शाळा झेपेल. शिक्षणहक्क कायद्यानुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायला हवा. खासगी शाळांत प्रश्न जागेचा असतो, म्हणून सहा महिने आधी पत्रव्यवहार सुरू करावा. तिकडील प्रगतिपत्रकाचा अधिकृत अनुवाद करून घ्यावा, आणि त्यावर एक हा तेथील सर्वोत्तम गुण आहे, हे स्पष्ट लिहून घ्यावे. नाहीतर एक आणि दोन पाहून इथले लिपिक दचकतात. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. तेव्हा गणितापेक्षा देवनागरी लेखनाची तयारी आजपासून करावी, रोज पाच ओळी पुरेत.

परत जायचे नाही, हे तिचे म्हणणे हट्ट म्हणून झटकू नये. दोन वर्षांपूर्वी तुम्ही तिला जे करायला सांगितले, ते तिने मनापासून केले, म्हणूनच ती आता असे म्हणते. वर्गमैत्रिणींचे पोस्टाचे पत्ते तिच्या स्वतःच्या वहीत तिच्या हाताने लिहून घेऊ द्या. पुण्यात आठवड्याचा एक तास तरी जर्मन संभाषणाची सोय करा. या वयात भाषा जितक्या लवकर येते, तितक्याच लवकर जाते.

आवराआवरीत घराची सूचना सर्वांत आधी द्यावी, कारण भाडेकरूला सहसा तीन महिन्यांची मुदत पाळावी लागते. पत्त्याची नोंदणी रद्द करणे निघण्यापूर्वीच्या आठवड्यात होते. त्याची पावती विमा, फोन आणि दूरचित्रवाणी शुल्क बंद करताना लागते, म्हणून तिच्या प्रती काढून ठेवाव्यात. अनामत रक्कम घरमालक हिशेब पूर्ण होईपर्यंत काही महिने ठेवून घेऊ शकतो. तोवर तेथील बँक खाते बंद करू नये.

तारखेबद्दल एक सूचना. पुण्यातील शाळा जूनमध्ये सुरू होते आणि तेथील वर्ष जुलैअखेर संपते, त्यामुळे कोठेतरी तोडावे लागणारच. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये मेअखेर ते जूनच्या सुरुवातीस पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते. तिच्या आधीच्या शेवटच्या दिवशी मुलीला वर्गाचा रीतसर निरोप घेऊ द्यावा, शिक्षिकेला त्याची पूर्वकल्पना द्यावी, आणि सुट्टीत सामान बांधून निघावे. मग जूनच्या मध्यास ती पुण्यातील वर्गात इतर मुलांबरोबरच बसू शकेल.